चर्चा: इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी रासायनिक बंध 'अष्टका'पासून शिकवायचे की ऊर्जेपासून?

द्रवणांक (धागाकर्ता)

मी मटेरिअल सायन्स शिकवतो. म्हणजे पहिल्या वर्षाची केमिस्ट्री उरकून आलेली मुलं माझ्या हाती लागतात. पहिल्या तासाला ठरलेला प्रश्न: सोडियम क्लोरीनला इलेक्ट्रॉन का देतो? सगळा वर्ग एका सुरात, 'अष्टक पूर्ण करायला!' (म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन.) मग मी फळ्यावर दोन आकडे लिहितो. सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनने तो घेतला की ३४९ परत येतात. १४७चा तोटा. असा आतबट्ट्याचा व्यवहार सोडियम का करेल? वर्ग गप्प.

तोटा भरून निघतो तो पुढे, आयन, म्हणजे भारित झालेले अणू, एकमेकांजवळ येऊन जालक (स्फटिकाची शिस्तशीर रचना) बांधतात तेव्हा. मिठाच्या बाबतीत मोलमागे ७८७ किलोज्यूल सुटतात. बंध आहे तो तिथे, फळ्यावर सोडियमकडून क्लोरीनकडे काढलेल्या बाणात नाही. हे कळलेला मुलगा मीठ ८०१ अंशांना वितळतं आणि मॅग्नेशियम ऑक्साइड २८०० ओलांडून का, हे न सांगता सांगतो. दोन्ही आयनांवरचा भार दुप्पट, म्हणून ओढ चौपट, वर अंतरही कमी. भट्टीच्या आतल्या विटांत ते का वापरतात, हेही त्यातच आलं. आठ मोजणाऱ्याला हे सुचत नाही, कारण दोन्ही पदार्थांत आठच आहेत!

माझं म्हणणं: पहिल्याच तासाला दोन अणूंमधलं अंतर आणि ऊर्जा यांचा आलेख काढा. आलेखात जो खड्डा पडतो तो किती खोल यावरून द्रवणांकाचा अंदाज. तळाशी वळण किती तीव्र यावरून ताठपणा, म्हणजे यंग्ज मोड्युलस. खड्डा दोन बाजूंना सारखा नसतो म्हणून तापवल्यावर प्रसरण. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ला. शिशाचं प्रसरण टंगस्टनच्या सुमारे सहापट, ताठपणा विसाव्या हिश्शाहून कमी. एका आलेखात तीन गोष्टी. ठिपके (इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी लुईसची चित्रं) नंतर शिकवा, आणि हायब्रिडायझेशन (अणूची ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागा, मिसळून बंधांच्या दिशा सांगणं) तर काढूनच टाका.

खडूचा_तुकडा

साफ असहमत. मी तीच पहिल्या वर्षाची केमिस्ट्री 'उरकणारी' आहे, तेव्हा शब्दाबद्दल आभार.

लुईसने १९१६ साली इलेक्ट्रॉनच्या जोडीची कल्पना मांडली. ठिपके ही हिशेबाची वही आहे. वहीत नफा का झाला ते नसतं, पण कोणाचं कोणाकडे किती ते असतं. तुमचा आलेख कुठल्याही दोन अणूंचा निघतो, आणि नेमकी तीच अडचण. कार्बन चार हायड्रोजनांवर का थांबतो, पाचवा का घेत नाही? आलेख मुका. पॉलिथिलीन घ्या. साखळीतला कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साडेतीनशेच्या आसपास किलोज्यूल लागतात, तरी हे प्लास्टिक शंभर अंशांच्या थोडं पुढे वितळतं. कुठल्या बंधाचा खड्डा बघणार? वितळताना सुटतात ते साखळ्यांमधले दुबळे धागे, साखळी शाबूत राहते. कोण कोणाला बांधलंय आणि कोण नुसतं शेजारी बसलंय, हे आधी कळायला हवं. ते वहीतूनच कळतं. इपॉक्सी एकदा जमला की का वितळत नाही, त्याचंही उत्तर तिथेच: साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना शिवलेल्या.

आणि हायब्रिडायझेशन काढून हिरा आणि ग्रॅफाइट कसे शिकवणार ते ऐकायला आवडेल.

लेथवाला

तुम्ही दोघं मिठावर आणि मिथेनवर भांडताय. माझ्या हाताखाली लोखंड. धातूबंधाला पुस्तकात अर्धं पान, 'इलेक्ट्रॉनचा समुद्र' म्हटलं की धडा संपला. अरे, समुद्र आहे तर पुढे काय?

पुढे हे, की धातूत कुणाचा जोडीदार ठरलेला नाही. अणूंचा एक थर दुसऱ्यावर सरकला तरी बंध टिकतो, म्हणून पत्रा वाकतो. मिठाचा थर अर्धं पाऊल सरकला की सारखे भार समोरासमोर येतात आणि स्फटिक फुटतो. इतकं जरी पहिल्या वर्षी सांगितलं तरी पुष्कळ.

पण द्रवणांकसाहेब, तुमच्या आलेखाबद्दल एक सांगतो. त्यावरून ताठपणा कळतो, ताकद नाही. साधं पोलाद आणि पाणी देऊन कडक केलेलं पोलाद, दोन्हीचा मोड्युलस २०० गिगापास्कलच्या आसपास. ताकद मात्र कित्येक पट वेगळी. बंध तेच, खड्डा तोच. नुसत्या बंधांवरून धातूच्या ताकदीचा हिशेब केला तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा प्रचंड मोठं येतं. ते का, हे डिस्लोकेशनची कल्पना आल्यावर कळलं: टेलर, ओरोवान आणि पोलान्यी, तिघंही १९३४. स्फटिकातल्या एका चुकीच्या ओळीमुळे अख्खा थर एकदम सरकवावा लागत नाही. तेव्हा 'बंधावरून सगळे गुणधर्म' ही थाप मुलांना मारू नका, पुढे मलाच निस्तरावी लागते.

पहिलं_सत्र

मी ही परीक्षा देतेय म्हणून विचारते. आधी आठचा नियम पाठ केला. मग सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा निघाले, तेव्हा 'अपवाद' आणि एसपी३डी२ हे हायब्रिडायझेशन. मग एमओ (मॉलिक्युलर ऑर्बिटल) थिअरी आली, इलेक्ट्रॉन अख्ख्या रेणूवर पसरलेले मानणारी, आणि ऑक्सिजनचं ठिपक्यांचं चित्रच चुकीचं म्हणाले. प्रत्येक वेळी 'आधीचं विसरा'. विसरायचंच होतं तर शिकवलं कशाला?

गॅप_१_१२

ऑक्सिजनबद्दल: द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तिथेच अडकून राहतो. ठिपक्यांत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले, म्हणजे असं व्हायला नको. एमओमध्ये दोन इलेक्ट्रॉन सुटे निघतात. चुंबक कोणाच्या बाजूने आहे ते उघड आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणून माझा तिसराच पक्ष: एमओपासूनच सुरू करा. हिरा, सिलिकॉन, जर्मेनियम. तिघांची रचना तीच, प्रत्येक अणूला चार बंध, ठिपक्यांचं चित्र हुबेहूब. हायब्रिडायझेशनही एसपी३च. पण बँड गॅप (बंधातला इलेक्ट्रॉन वाहता करायला लागणारी ऊर्जा) अनुक्रमे ५.५, १.१२ आणि ०.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एक विद्युतरोधक, दोन अर्धवाहक. दोन अणूंच्या दोन पातळ्या, मग असंख्य अणूंचे पट्टे, अशी सरळ वाट एमओतूनच जाते.

मिथेनचे चार बंध सारखे म्हणून चारही ऑर्बिटल सारखी, हेही प्रयोगात टिकत नाही. फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून ऊर्जा मोजतात त्यात) दोन वेगळ्या पातळ्या दिसतात, १४ आणि २३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास.

खडूचा_तुकडा

@गॅप_१_१२, दोन पातळ्या दिसतात, मान्य. पण त्याच इलेक्ट्रॉनांची घनता चार सारख्या बंधांत वाटून मांडली तरी एकूण उत्तर बदलत नाही. एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा असेल तर तुमचं चित्र घ्या, कोन आणि आकार सांगायचा असेल तर माझं.

@पहिलं_सत्र, एसपी३डी२ची बाजू मात्र मी घेणार नाही. सल्फरची डी ऑर्बिटल त्या बंधांत जवळपास भागच घेत नाहीत, हे गणितातून केव्हाच दिसलंय. अभ्यासक्रमात ते सवयीने उरलंय. (हाच वायू उच्च विद्युतदाबाच्या सर्किट ब्रेकरमध्ये भरतात, आणि हरितगृह वायू म्हणून तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जहाल. 'अपवाद' म्हणून एका ओळीत गुंडाळण्याइतका गरीब नाही.)

द्रवणांक

@लेथवाला, पोलादाचा मुद्दा बिनशर्त मान्य. यापुढे आलेखाखाली 'ताकद सोडून' असं लिहीन. पॉलिथिलीनचाही मान्य, जरा कुरकुरत. ग्रॅफाइटला हायब्रिडायझेशन लागतंच असं नाही. थरातलं अंतर १४२ पिकोमीटर, दोन थरांतलं ३३५. एवढे दोन आकडे दिले तरी मुलं सांगतात की थर कुठून निसटणार. वीज थराच्या दिशेने का वाहते हे त्यातून कळत नाही, ते खरं.

सोडियमच्या १४७वर मात्र मी ठाम आहे.

पहिलं_सत्र

सर, १४७ चुकीचे वाटतात. म्हणजे आकडा बरोबर आहे, पण तोटा तेवढाच नाही. आपण सुरुवात सुट्या अणूंपासून केली. सोडियम तर घन असतो, त्याचे सुटे अणू करायला १०७ लागतात. क्लोरीन जोडीने असतो, अर्धी जोडी तोडायला १२२. एकूण तोटा ३७६. ७८७मधून वजा केले तर ४११ उरतात, आणि मिठाच्या निर्मितीची ऊर्जा तक्त्यात ४११च दिलीय! बॉर्न-हेबर चक्र म्हणून पाठ केलं होतं, बेरीज आज पहिल्यांदा केली.

खडूचा_तुकडा

शाब्बास! आता द्रवणांकांना विचार, सोडियमचा एकच इलेक्ट्रॉन का काढला? दोन काढले असते तर जालकाची ओढ आणखी वाढली असती. एकावर थांबायचं हे माझ्या अष्टकानेच सांगितलं ना?

द्रवणांक

दुसरा काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात म्हणून थांबलो. आतल्या कवचाला हात घालावा लागतो. अष्टक हे या आकड्याचं टोपणनाव.

लेथवाला

टोपणनाव लवकर लक्षात राहतं, हे एक.

पहिलं_सत्र

मग मॅग्नेशियम ऑक्साइडचंही करून बघते. मॅग्नेशियमचे दोन आकडे मिळाले, ७३८ आणि १४५१. पण ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन देताना तक्त्यात ऊर्जा *लागते* असं दिसतंय. अष्टक तर त्यानेच पूर्ण होतं ना? इथे अडकले.

खडूचा_तुकडा

तक्ता बरोबर आहे. ऑक्साइड आयन एकटा निर्वातात सोडला तर तो दुसरा इलेक्ट्रॉन टाकून देईल, आठ पूर्ण असूनही. त्याला धरून ठेवतं ते भोवतीचं जालक. हा मुद्दा मी द्रवणांकांना फुकट देतेय, त्यांनी फार मिरवू नये.