‘ॲक्च्युअली’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि वापर

इंग्रजी-मराठी शब्दकोशांत ‘ॲक्च्युअली’ या क्रियाविशेषणापुढे ‘प्रत्यक्षात’, ‘वस्तुतः’, ‘खरोखर’ असे प्रतिशब्द दिलेले असतात. ते योग्यच आहेत. मात्र त्यांतला कोणता कुठे घ्यायचा, हे ऐकणाऱ्याने आधी काय गृहीत धरले आहे त्यावरून ठरते.

लॅटिनमधील ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, करणे. त्यावरून ‘आक्तुस’ म्हणजे कृती. यापासून झालेले ‘आक्तुआलिस’ हे विशेषण फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, तेव्हा त्याचा अर्थ ‘कृतीशी संबंधित’ असा होता. ख्रिस्ती धर्मशास्त्रात जन्मजात पापाहून वेगळ्या, माणसाने स्वतः केलेल्या पापाला ‘ॲक्च्युअल’ म्हणतात, त्यात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. जे केले ते घडले, आणि जे घडले ते खरे, अशा क्रमाने अर्थ सरकत गेला. संस्कृतातील ‘अज्’ (जाणे, हाकणे) हा धातू ‘आगेरे’चा सगोत्र आहे. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागून पशूंच्या समूहासाठी ‘समज’ आणि इतरांच्या समूहासाठी ‘समाज’ हे शब्द झाले. अमरकोशात हा भेद नोंदवलेला आहे. (‘गैरसमज’मधील ‘समज’ निराळा.) ‘ॲक्च्युअली’ आणि ‘समाज’ यांचे हे दूरचे नाते मला फार विलक्षण वाटते.

आता वापराकडे वळू. अंदाजपत्रकातील रक्कम आणि झालेला खर्च यांची तुलना असेल, तर ‘प्रत्यक्षात किती खर्च आला?’ हेच नेमके भाषांतर आहे. जो येईल असे कोणालाही वाटत नव्हते तो आला, तर ‘तो खरोखर आला’ यापेक्षा ‘तो चक्क आला’ या वाक्यात आश्चर्य अधिक नेमके उतरते. भाषांतरकार ‘चक्क’कडे दुर्लक्ष करतात याची मला खंत वाटते. समोरच्याचे म्हणणे खोडायचे असेल तर ‘उलट’ किंवा ‘वास्तविक’ चालते.

मराठी बोलण्यात हा शब्द बहुधा वाक्याच्या आरंभी येतो : ‘ॲक्च्युअली ना, मला उद्या जमणार नाही.’ इथे खऱ्याखोट्याचा प्रश्नच नसतो. नकार थेट तोंडावर मारल्यासारखा वाटू नये, म्हणून बोलणारा क्षणभर उसंत घेत असतो. अशा ठिकाणी ‘वस्तुतः’ लिहिले तर वाक्य कोर्टातल्या निवेदनासारखे होते. ‘त्याचं काय आहे’ हा आपला जुना वाक्प्रयोग नेमके हेच काम करतो आणि संवाद लिहिताना तोच निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्यांनी मात्र जपून राहावे. फ्रेंच ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘सध्या’ आणि जर्मन ‘आक्टुएल’ म्हणजे ‘ताजे, चालू घडीचे’. ‘खरं तर’ या अर्थासाठी फ्रेंचमध्ये ‘आँ फॅत’ आणि जर्मनमध्ये ‘आइगेंटलिश’ हे शब्द आहेत.