प्रतिसाद : आधी नमुना 8 चा उतारा, मग घरकुल

वर एका दादांनी लिहिलंय की तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकायची बंदी, सैल झाली, आता खेड्यातही घरं स्वस्त होतील. अर्धं पटलं.

1947 च्या त्या कायद्यामुळे आमच्याकडं गावाला लागून असलेल्या वावरातले एक-दोन गुंठे कितीतरी जणांनी नोटरीच्या कागदावर घेतलेत. पैसे दिले, टिनाचं घर उभं केलं, सातबारा मात्र जुन्याच मालकाच्या नावावर. असे जुने व्यवहार नियमित होत असतील तर चांगलंच आहे. पण ज्याच्याजवळ गुंठाच नाही त्याचं काय?

माझ्या चुलतभावाचं नाव घरकुलाच्या यादीत आलं. मैदानी भागात केंद्राच्या योजनेतून, केंद्र-राज्य मिळून, 1 लाख 20 हजार मिळतात, हप्त्याहप्त्यानं. जागा नावावर नाही, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-जागेच्या नोंदीचा, नमुना 8 चा उतारा नाही, म्हणून फाईल दोन वर्षं पडून. भूमिहीनांना जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, पण गावठाणालगत विकायला तयार माणूस तर भेटला पाहिजे ना जी! शेवटी काकानं आपल्या अंगणातला कोपरा दिला, म्हशीचा गोठा हलवून.

आता कॉलम उभे आहेत, सळया गंजताहेत. घरकुलवाल्यांना 5 ब्रास वाळू फुकट, पण नदीवरून ट्रॅक्टरनं आणायचं भाडं आपलंच. पऱ्हाटीचा कापूस विकल्याशिवाय स्लॅब पडत नाही, आणि यंदा बोंडं भिजली.

तुमच्या तालुक्यात एक गुंठ्याची खरेदी खरंच नावावर लागली का कोणाची? किती खर्च आला तेवढं सांगा.