जुन्या डर्टबाइकचा क्लच: आधी आतला स्क्रू की सरळ नव्या प्लेटा?

मुलुंडचा स्वार
मंडळी, माझं ठाम मत आहे की जुन्या डर्टबाइकच्या निम्म्या क्लच प्लेटा उगाच बदलल्या जातात. वर लिव्हरपाशी वायर ताणत बसतात आणि क्लच सोडवणारा दांडा जुळवण्याच्या आतल्या स्क्रूला कोणी हात लावत नाही.

माझी गाडी जुनी १२५ सीसी टू-स्ट्रोक, सेकंड-हँड घेतलेली. एलबीएस मार्गावर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की न्यूट्रल सापडेना, क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायची. नाक्यावरच्या मेकॅनिकने लिव्हरचा अ‍ॅडजस्टर फिरवून वायर ताठ केली. न्यूट्रल लागायला लागलं, मी खूश. पुढच्या रविवारी कर्जतकडच्या कच्च्या चढावर इंजिन नुसतं किंचाळतंय, गाडी जागची हलत नाही. मेकॅनिक म्हणाला, "प्लेटा गेल्या."

घरी येऊन वायर दोन्ही टोकांना पूर्ण ढिली केली. आतल्या स्क्रूचा लॉक नट सोडला, स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घेतला, तिथून पाव फेरा मागे, मग नट घट्ट. हा स्क्रू काही गाड्यांत डाव्या कव्हरखाली असतो, काहींत प्रेशर प्लेटच्या, म्हणजे बाकीच्या प्लेटा दाबून धरणाऱ्या चकतीच्या, मधोमध. त्यानंतरच वायर जोडून लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिमी प्ले, म्हणजे वायर ओढली जाण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवला. दोन्ही त्रास गेले. आतला दांडा चुकीच्या कोनात होता, लिव्हरची निम्मी ओढ फुकट जात होती. प्ले शून्य करून मेकॅनिकने ती भरून काढली, म्हणून क्लच कायम अर्धवट दाबलेला राहिला आणि स्लिप मारू लागला, म्हणजे प्लेटा एकमेकींवर घसरू लागल्या.

चेंबूरचं गॅरेज
दादा, स्क्रूचं बरोबर. पण तुम्ही अर्ध्यावर थांबलात. पूर्ण चढ क्लच स्लिप मारत चढवलात ना? मग फ्रिक्शन प्लेट चकचकीत झाली असणार आणि स्टील प्लेट निळी पडली असणार. आज सपाट रस्त्यावर ठीक वाटेल, पुढच्या चढाला परत तेच. माझ्याकडे अशी गाडी आली की मी कव्हर उघडतोच. एक पॅकिंग जातं, बाकी काय?

मुलुंडचा स्वार
भाऊ, उघडण्याला विरोध नाही, न तपासता बदलण्याला आहे. क्लच स्वतःच सांगतो की. प्लेटा झिजल्या की लिव्हरचा प्ले कमी होत जातो. वायर वापरून लांबली की वाढत जातो. महिनाभर प्ले कुठल्या बाजूला सरकतोय ते बघितलं तरी अंदाज येतो.

चेंबूरचं गॅरेज
इथेच फसता तुम्ही. जुन्या गाडीत दोन्ही एकदम चालू असतं. वायर लांबतेय, प्लेटा झिजतायत, आणि लिव्हरवर प्ले जिथल्या तिथे! मालक म्हणतो सगळं ठीक. शिवाय क्लच हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटा बसतात त्या टोपलीच्या, बोटांवर प्लेटांच्या कानांनी खाचा पाडलेल्या असतात. प्लेट त्या खाचेत अडकली की तुम्ही स्क्रू कितीही फिरवा, क्लच सुटत नाही. हे बाहेरून दिसतं का?

वरळीकर
तुम्ही दोघंही वायरला विसरताय. आमच्याकडे समुद्राची खारी हवा, वर चार महिने पाऊस. वायर आतून गंजते आणि लिव्हर जड होते. मी जूनच्या आधी वायर काढून वरच्या टोकातून तेल सोडतो, खालून स्वच्छ तेल टपकेपर्यंत. एक तार जरी तुटलेली दिसली तरी नवी घालतो. आणखी एक, डर्टबाइकला उंच हँडल बसवलं आणि जुनीच वायर ठेवली तर ती तोकडी पडते. गाडी न्यूट्रलला ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. लिव्हरचा प्ले कमी-जास्त झाला तर वायर कुठेतरी ओढली जातेय.

मुलुंडचा स्वार
वरळीकर, हँडल आधीच्या मालकाने उंच केलेलं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता वळवून पाहिलं, डावीकडे वळवल्यावर प्ले जवळजवळ संपतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर लांब वायर बघतो.

खाचांचंही पटलं. पण खाचा असत्या तर स्क्रूनंतरही न्यूट्रल अडलं असतं, माझं अडत नाही. म्हणून क्रम माझाच धरतो: वायर, आतला स्क्रू, मग प्ले. एवढं बरोबर असूनही स्लिप किंवा अडकणं राहिलं, तर कव्हर.

चेंबूरचं गॅरेज
रोज ऑफिसला नेत असाल तर चालेल तुमचा क्रम. चढावर जाणार असाल तर मी नाही म्हणेन. तिथे क्लच गेला तर गाडी ढकलत आणायला माणसं लागतात. उघडाल तेव्हा प्लेटेची जाडी व्हर्निअरने मोजा, स्प्रिंगची लांबीही मोजा, गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. नव्या प्लेटा घातल्याच तर आधी तेलात भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या की पहिल्याच दिवशी जळतात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

वरळीकर
आणि गिअरबॉक्समध्ये कारचं इंजिन ऑइल ओतू नका, घरात उरलंय म्हणून. ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचला जासो एमए (JASO MA, मोटरसायकल तेलाचं मानक) लिहिलेलं तेल लागतं. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी चांगल्या प्लेटाही घसरतात. आधीच्या मालकाने काय घातलं होतं, विचारलंत का?

मुलुंडचा स्वार
नाही विचारलं. उद्या तेल काढतो. जळका वास आला तर त्याच दिवशी कव्हर उघडून प्लेटांचे फोटो इथे टाकतो.