मदत हवी आहे: आठवड्याचा पास काढू की नको? आणि यातलं चालायचं किती? (लवकर सांगा)

लगीनघाई:
परवा पहाटे निघतोय. झोन १-२ चा (म्हणजे शहराच्या मध्यभागाचा) मेट्रो-बसचा आठवड्याचा पास काढू की रोजचं रोज? चौघं आहोत. हॉटेलजवळ दोन स्टेशनं आहेत, तरी अ‍ॅप उगाच गाड्या बदलायला लावतंय. नवरा (येत नाहीये, सल्ले देतोय) म्हणतो टॅक्सी करा. मला नको आहे. कोणी नुकतंच जाऊन आलं असेल तर नेमकं सांगा. ‘गूगल करा’ म्हणणाऱ्यांनी पुढचा धागा बघावा.

काठावरचा:
कुठलं शहर?

पायपीट:
बर्लिन असेल तर तिकीट काढल्यावर यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड बसतो.

लगीनघाई:
लंडन हो! झोन १-२ लिहिलंय ना वर.

काठावरचा:
झोनवरून शहर ओळखायचं म्हणजे कोडंच झालं. असो. आता हे सांगा: चौघं म्हणजे कोण? मुलं असतील तर वय? कुठल्या वारी पोचताय? हॉटेल कुठे?

लगीनघाई:
मी, आई, बाबा, मुलगा. तो पाचवीत आहे. गुरुवार ते बुधवार. हॉटेल बेजवॉटर.

काठावरचा:
ताई, इयत्ता नको, वय सांगा. अकरा पूर्ण की नाही, यावर सगळं आहे.

लगीनघाई:
दहा!

काठावरचा:
मग त्याचं तिकीटच नाही. अकराच्या आतली मुलं बसमध्ये फुकट, आणि ट्यूबमध्येही (तिथली मेट्रो) तिकीटवाल्या मोठ्या माणसाबरोबर फुकट. त्याला घेऊन रुंद फाटकातून जा. तिघांचाच हिशोब करा.

टॅपटॅप:
पासबीस काही काढू नका. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवा नि चला. ऑयस्टर (तिथलं पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) वापरल्याइतकंच भाडं पडतं, आणि दिवसाची मर्यादा गाठली की त्यापुढे पैसे कापत नाहीत. मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. आणि सकाळी कार्ड, संध्याकाळी त्याच कार्डाचा फोन असं करू नका, ती दोन खाती धरली जातात आणि मर्यादा दोघांत विभागून वाया जाते.

जुनाजाणता:
आईबाबांकडे परदेशात चालणारं कार्ड असेलच कशावरून? ऑयस्टर घ्या, त्यात पैसे भरा, डोक्याला ताप नाही. आम्ही तेच वापरतो.

टॅपटॅप:
ऑयस्टर कार्डाचे पैसे वेगळे पडतात, ते परतही मिळत नाहीत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार सुरू करायला दोन मिनिटं लागतात. आपल्याकडे नवीन कार्डावर ते मुळात बंदच असतात.

जुनाजाणता:
आणि दर टॅपला बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, ते कोण भरणार? तुम्ही?

टॅपटॅप:
दर टॅपला कापत नाहीत, दिवसभराचं मिळून एकदम घेतात.

काठावरचा:
भांडण थांबवा. मूळ प्रश्न पासचा आहे. आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार धरतात, त्यामुळे गुरुवार ते बुधवार जाणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. सात दिवसांचा पास कुठल्याही वारी सुरू होतो, हा त्याचा फायदा. पण झोन १-२ मध्ये तो साधारण पाच दिवस रोजची मर्यादा गाठली तरच फिटतो. तुम्ही रोज एवढं फिरणार का?

लगीनघाई:
आई नाही फिरणार एवढं. तिला गुडघ्यांचा त्रास आहे.

निवांत:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! चढताना त्रास होतो की उतरताना? सपाट किती चालतात?

लगीनघाई:
सपाट चालते की, सकाळी फिरायला जाते. जिना उतरताना होतं.

निवांत:
मग अ‍ॅप काय म्हणतं ते बाजूला ठेवा. ट्यूबच्या नकाशात अंतर खरं नसतं. हॅरी बेकने तो १९३१ मध्ये काढला तोच मुळी अंतर बाजूला सारून, सरळ आणि तिरक्या रेषांत. तुमचीच दोन स्टेशनं घ्या. बेजवॉटर आणि क्वीन्सवे नकाशात निरनिराळ्या मार्गांवर दिसतात, प्रत्यक्षात एकाच रस्त्यावर आहेत, चालत दोन-तीन मिनिटं. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डनही जेमतेम पाव किलोमीटर, आणि कॉव्हेंट गार्डनच्या गोल जिन्याला १९३ पायऱ्या! तिथे लिफ्ट आहे, पण रांग बघून लोक उत्साहाने जिना धरतात. आईंना धरू देऊ नका.
‘स्टेप-फ्री’ नकाशा वेगळा मिळतो, तो फोनमध्ये घ्या. निळी खूण म्हणजे रस्त्यापासून गाडीत शिरेपर्यंत पायरी नाही. पांढरी म्हणजे फलाटापर्यंत नाही, पण गाडीत चढताना पायरी किंवा फट असू शकते.
आणि मुख्य म्हणजे बस धरा. सगळ्या बसची पायरी खाली असते. बेजवॉटर रोडवरून ९४ ऑक्सफर्ड सर्कस, पिकॅडिलीकडे जाते, १४८ व्हिक्टोरिया, वेस्टमिन्स्टरकडे. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. एवढं बसने फिरलात तर पास फिटणारच नाही.

पायपीट:
बस ट्रॅफिकमध्ये अडकते. त्यापेक्षा चाला! वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून टॉवर ब्रिजपर्यंत दक्षिण काठाने चार किलोमीटरच्या आसपास होतं, बहुतेक सपाट, बसायला बाकं. थकलात तर मध्ये कुठल्याही पुलावरून पलीकडे बस धरा. रस्त्यावरचे नकाशे मात्र सांभाळून वाचा, त्यांत उत्तर वर नसते. तुमचं तोंड ज्या दिशेला, ती वर.

जुनाजाणता:
टॉवरला बेजवॉटरहून सर्कल लाइन थेट आहे. गाडी बदलायची गरजच नाही. गोल फिरते, झोप लागली तरी परत तिथेच याल.

नकाशेबाज:
२००९ पासून ती गोल नाही. हॅमरस्मिथहून निघते, फेरी मारून एजवेअर रोडला संपते. झोप लागली तर एजवेअर रोडला उठवतील.

जुनाजाणता:
नावात सर्कल आहे.

नकाशेबाज:
आहे की.

रात्रपाळी:
शुक्रवारी-शनिवारी रात्री काही मार्गांवर ट्यूब रात्रभर असते, नाटक बघून उशीर झाला तरी घाबरू नका.

लगीनघाई:
नाटकाला कोण जातंय. पास नाही, हे ठरलं. माझं आणि बाबांचं कार्ड सुरू केलं, आईला तिथे ऑयस्टर घेते. बसमध्ये उतरताना पण टेकवायचं का? आणि रोख चालते का?

निवांत:
बसमध्ये रोख २०१४ पासूनच बंद. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे, नाहीतर जास्त भाडं कापतात. बस येताना दिसली की हात करा, पुढच्या दाराने चढा, आपला थांबा यायच्या आधी लाल बटण दाबा, मधल्या दाराने उतरा. आईंना खालीच दाराजवळच्या राखीव जागेवर बसवा. मुलगा वर पळेल, त्याच्यामागे बाबांना धाडा.