विश्व म्हणजे मेंदू? आवरा!

खवट: तेच चित्र सकाळपासून चार ग्रुपांवर आलंय. डावीकडे उंदराच्या मेंदूतली पेशी, उजवीकडे जांभळं जाळं, खाली 'अब्जावधी आकाशगंगांचं हे विश्व विचार करतंय'. अहो, उजवीकडचा तो फोटोच नाही. २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशनमधलं, म्हणजे संगणकात केलेल्या विश्वाच्या नकलेतलं, चित्र आहे. रंग संगणकावर भरलेला आणि जाळं कृष्णद्रव्याचं, जे कुठल्याच दुर्बिणीला थेट दिसत नाही.

आणि विचार कसला करतंय? १९८९ मध्ये गेलर आणि हुक्रा यांना सापडलेली आकाशगंगांची 'महाभिंत' सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं लांब. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. या टोकाचा निरोप प्रकाशाच्या वेगाने त्या टोकाला जायचा तर जन्मापासून आजवर सत्तावीस खेपा. तेवढ्यात साधी शिंक येत नाही!

चिंतनशील: चित्र मीच टाकलं होतं. सारखं दिसतं ते डोळ्यांना दिसतंय ना? तुम्हा लोकांना कशाचं आश्चर्य म्हणून वाटत नाही.

भिंगरी: खवट, तुलना अगदीच टाकाऊ नाहीये. वाझ्झा हा खगोलवाला आणि फेलेत्ती हा मेंदूचा सर्जन, दोघांनी २०२० मध्ये आकडे मांडून केलीय. जाळ्यांच्या रचनेत साम्य निघालं. विचारबिचार त्यांनी म्हटलेलं नाही, ते फॉरवर्डवाल्यांचं. आणि पूर्वी विश्व लहान होतं, अंतरं कमी होती. तुझे सत्तावीस कमी पडतात.

खवट: बरं बाई, शंभर धर. शिंक आली, समज.

शुद्धमती: 'अब्जावधी आकाशगंगा' कुणालाच टोचलं नाही? आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या दीर्घिका!

टिवल्या: आल्या शब्दांच्या फौजदार. माझ्या भाचीला दीर्घिका म्हटलं तर 'ही कुठली ताई?' म्हणाली. आकाशगंगा म्हटलं की पोरांना कळतं, विषय संपला.

शुद्धमती: संपला कसा? शेजारची दीर्घिका देवयानी आपल्यावर आदळेल का, ही बातमी तुमच्या भाषेत सांगा. 'आकाशगंगा आकाशगंगेवर आदळणार'. कोण कोणावर?

टिवल्या: 'देवयानी' म्हणा की, आत्ता म्हणालात तसं! स्वतःच उत्तर देता आणि वर भांडता.

शुद्धमती: तुमच्यासारख्यांमुळेच मराठीत विज्ञान कुणी गंभीरपणे घेत नाही.

टिवल्या: माझ्यामुळे? वा!

निशाचर: 'डोळ्यांना दिसतंय ना' यावरून आठवलं. २००७ ला गॅलॅक्सी झू, म्हणजे हौशी लोकांकडून दीर्घिकांची वर्गवारी करून घेणारं संकेतस्थळ, सुरू झालं तेव्हा मी रात्ररात्र दीर्घिका (शुद्धमती, खूश?) बघत बसायचो. दीर्घिकेच्या चक्राकार भुजा घड्याळाच्या दिशेने वळल्यात की उलट, ते बघून बटण दाबायचं. सगळ्यांची मतं मोजली तर उलट्या जास्त. आम्ही हरखलो, विश्वालाच फिरकी आहे! मग त्यांनी काही चित्रं आरशात दिसावीत तशी फिरवून दिली. तरी उलट्याच जास्त! खोट आमच्या नजरेत होती. तेव्हापासून 'दिसतंय ना' म्हटलं की मी गप्प बसतो.

खवट: चिंतनशील, आश्चर्य हवंय ना, घ्या. विश्वाच्या आरंभीच्या प्रारणात (तेव्हापासून उरलेल्या किरणांत) तापमानाचा फरक लाखात एक, इतकं सगळं सपाट होतं. जिथे द्रव्य किंचित जास्त, तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी ओढलं, शेजार ओस पडला. भूतप तारकासमूहाच्या दिशेची पोकळी तीस कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे, आत मोजक्या दीर्घिका. त्या किंचित फरकातून हे सगळं झालंय. त्याला मेंदूची उपमा कशाला लागते?

चिंतनशील: ठीक आहे. विश्व विचार करत नाही, आमच्या ग्रुपवरही कुणी करत नाही. पोस्ट काढतो.

शुद्धमती: काढण्याआधी 'आकाशगंगा' दुरुस्त करा.