टीसीने कॉलर धरली, भावाने हात झटकला, आता कलम १३२ लागलंय. सोमवारच्या आत काय करावं?

चुनाभट्टीची_ताई

नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा. बुधवारी रात्री सव्वानऊच्या सुमारास लोकलमधून उतरला. पास मोबाइलवर आणि मोबाइल बंद पडलेला. पुलाच्या जिन्यापाशी एकाने अडवलं. काळा कोट नाही, साधा चौकड्यांचा शर्ट. भाऊ म्हणाला, पाच मिनिटं चार्जिंग मिळू द्या, पास दाखवतो. ते म्हणाले, दंड भर. बाचाबाची झाली. हा पुढे निघाला तशी त्यांनी मागून कॉलर धरली. याने हात झटकला, त्यात त्यांचा चष्मा पडून फुटला आणि मनगटाजवळ खरचटलं. मारलं नाही, असं भाऊ आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगतोय. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय, मानेमागची शिवण उसवलीय.

एफआयआरमध्ये मात्र 'छातीवर ठोसा मारला' असं लिहिलंय. भारतीय न्याय संहितेची कलमं १३२ (सरकारी नोकराला कामापासून रोखायला हल्ला) आणि १२१(१) (त्याचसाठी दुखापत), शिवाय रेल्वे कायद्याचं १४६ (रेल्वे कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा). रात्री एक वाजता नोटीस हातात देऊन सोडलं, सोमवारी बोलावलंय. बँकेच्या परीक्षेत त्याची निवड झालीय, पुढच्या महिन्यात कागदपत्रं द्यायची आहेत.

मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, तिकडे फेडरल अधिकाऱ्यावर हात टाकला तर वेगळाच कडक कायदा लागतो. रेल्वेचा माणूस केंद्राचा, मग आपल्याकडेही तसंच का? ओळखीचे एक जण म्हणतात, टीसींच्या घरी जा, पाया पडा, माफीपत्र द्या, ते केस मागे घेतील. बाबा आत्ता ते पत्र लिहायला बसलेत. देऊ का?

किल्ला_कोर्ट_वकील

ताई, आधी बाबांच्या हातातलं पेन काढून घ्या. 'माझ्या मुलाच्या हातून चूक झाली' असं लिहिलेला कागद उद्या खटल्यात तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल. आणि टीसींनी मनापासून माफ केलं तरी केस ते मागे घेऊ शकत नाहीत. १३२ तडजोडीने मिटणाऱ्या कलमांत नाही. ती रद्द करायची तर उच्च न्यायालयातच जावं लागतं, आणि फिर्यादी सरकारी नोकर असला की तिथेही नुसत्या समझोत्यावर सहज काम होत नाही.

मामेभाऊ सांगतात ते तिकडचं खरं आहे. अमेरिकेत फेडरल अधिकाऱ्यावरच्या हल्ल्याला वेगळा केंद्रीय कायदा आहे. साध्या प्रकाराला एक वर्षापर्यंत, अंगाला हात लागला तर आठ वर्षांपर्यंत, शस्त्र वापरलं किंवा दुखापत केली तर वीस वर्षांपर्यंत. आपल्याकडे तसा फरक नाही. तलाठी असो, एसटीचा कंडक्टर असो की रेल्वेचा टीसी, कलम तेच, १३२. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं किंवा दंड किंवा दोन्ही, पण अजामीनपात्र. १२१(१) मध्ये दुखापत आली म्हणून पाच वर्षांपर्यंत. १४६ त्यामानाने किरकोळ.

दोन्ही मोठी कलमं सात वर्षांच्या आतली आहेत. अशा गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात बजावलंय. तुम्हाला मिळालेली नोटीस त्याच वाटेची, नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३५ ची. बोलावल्या वेळेला हजर राहिलात आणि तरीही अटक केली, तर तिची गरज का पडली, याची कारणं पोलिसांना लेखी द्यावी लागतात. म्हणून सोमवारी जायचंच, वकील घेऊन जायचं आणि पोहोच घ्यायची. तरी धाकधूक वाटत असेल तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन मागता येतो. त्याचं कलम आता ४८२. पूर्वी ४८२ म्हणजे केस रद्द करण्याचा अर्ज होता, तो आता ५२८ ला गेलाय. नेटवरचे जुने लेख वाचून घोळ होतो, जपा.

जबाब घेतील त्यावर सही करायची नसते, तसं कलमच आहे. स्वतःला गोवणारं उत्तर न देण्याचा हक्कही भावाला आहे. पण उद्धट बोलायचं नाही.

आता बचाव. १३२ ला नुसता धक्का लागून भागत नाही. 'हल्ला' किंवा 'गुन्हेगारी बळ' लागतं, आणि बळ हेतुपूर्वक वापरलेलं असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये महेंद्र कुमार सोनकर खटल्यात हेच पाहिलं. लाचेच्या सापळ्यातून निसटताना झालेली ढकलाढकली सुटण्याच्या धडपडीतली होती, हल्ल्याचा हेतू नव्हता, म्हणून आरोपी सुटला. तुमच्या भावाचा झटका त्याच जातीचा आहे. त्यामुळे 'ठोसा' खोटा ठरवणं हीच सगळी लढाई.

साध्या कपड्यांचा मुद्दा मी दुय्यम ठेवेन. समोरचा सरकारी नोकर आहे हे माहीत नसेल, तसं समजायला कारणही नसेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क पुरा मिळतो. पण तुमचा भाऊ त्यांच्याशी पासावरून बोलला, म्हणजे टीसी आहेत हे त्याला कळलं होतं. कोर्टात खोटं सांगायला लावू नका.

परळकर_६४

ताई, मी यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ साली एका सरकारी कार्यालयात माझी फाइल मी कारकुनाच्या हातातून ओढून घेतली. ओढली, हे खरं. त्याने लिहून दिलं की मी त्याचा हात पिरगळला. तेव्हा १३२ च्या जागी दंड संहितेचं जुनं ३५३ होतं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची शिक्षा दोनाची पाच वर्षं केली होती आणि खटला सेशन्सकडे नेला होता, त्यामुळे थेट सेशन्समध्ये उभा राहिलो. चार वर्षं, एकोणतीस तारखा. बायको डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची. बहुतेक तारखांना पुकारा व्हायचा आणि पुढची तारीख पडायची, तो डबा आम्ही जिन्यात उभ्याने खायचो.

मला कशाने सोडवलं ते सांगतो. एका केसपेपरने. कारकून त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेला होता. आरोपपत्राच्या प्रतीत फक्त दाखला होता, 'मनगटाला सूज'. माझ्या वकीलबाईंनी अर्ज करून मूळ केसपेपर कोर्टात मागवला. पिवळट कागद, वरच्या कोपऱ्यात शिक्का आणि डॉक्टरच्या निळ्या शाईत एक ओळ : दारात हात सापडला, असं रुग्ण सांगतो. ती ओळ त्याने स्वतःच डॉक्टरला सांगितलेली. पोलिसांकडे जायच्या आधी! न्यायाधीशांनी ती दोनदा वाचून घेतली. माझे गुडघे कापत होते.

म्हणून ताई, टीसींचा त्या रात्रीचा केसपेपर कधी ना कधी मागवायचाच. ठोसा छातीवर म्हणतात आणि जखम मनगटाला, हे आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

आणि तो शर्ट! धुऊ नका, शिवू नका. कागदी पिशवीत ठेवा, आजच्या तारखेचे फोटो काढा. कॉलर मागून धरली याचा तोच साक्षीदार आहे.

सर्वात आधी मात्र सीसीटीव्ही. पुलाच्या जिन्यावर कॅमेरा असणारच, पण फुटेज कायम राहत नाही, वरून नवं चढत जातं. आजच लेखी अर्ज द्या : अमुक तारीख, रात्री ९ ते ९.४५, अमुक जिना, फुटेज जपून ठेवा. एक प्रत तपास अधिकाऱ्याला, एक रेल्वेच्या सुरक्षा दलाला. दोन्हीवर पोहोचेचा शिक्का घ्या. उद्या फुटेज मिळालं नाही तर तो शिक्काच तुमच्या बाजूने बोलेल. मी हे केलं नाही. तीन महिन्यांनी मागितलं, तेव्हा काही उरलं नव्हतं. त्याची खंत अजून जात नाही.

नोकरीच्या फॉर्मात केस लपवू नका, पाया पडून सांगतो. केस असण्यापेक्षा लपवणं जास्त अंगाशी येतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल वकिलांना विचारा.

निवृत्त_टीसी_डोंबिवली

मी एकतीस वर्षं हेच काम केलं. एकदा प्रवाशाने तोंडावर मारलं, दात गेला. त्यामुळे हे कलम असायलाच हवं, हे आधी सांगतो. पण न मारलेला ठोसा कुणी लिहिला असेल तर ते आमच्याच लोकांचं नुकसान आहे. खऱ्या मार खाल्लेल्याचं मग कोण ऐकणार?

मोबाइल बंद म्हणजे पास दाखवता आला नाही, म्हणजे विनातिकीट. भाडं अधिक किमान २५० दंड, हे टीसींनी बरोबरच सांगितलं. तिथे भावाने वाद घालायला नको होता. पण पास खरोखर होता हे दाखवा. त्याच नंबरवरून अ‍ॅप उघडा, पासची तारीख दिसते, ती जपा.

साध्या कपड्यांत तपासणी होते, पण ओळखपत्र दाखवायचं असतं. त्यांनी दाखवलं का, हे भावाला शांतपणे आठवू द्या. दुसरं, पावती बुक. आम्ही ईएफटी म्हणायचो. पावत्यांना क्रमांक असतात, खाली कार्बन प्रत राहते. त्या रात्री आधीची पावती किती वाजता, कुठे फाडली, नंतरची किती वाजता, हे त्यात सापडतं. ड्यूटी कुठल्या स्टेशनावर लागली होती तेही रजिस्टरात असतं. वकिलांना सांगा, कोर्टामार्फत मागवता येईल.

आणि त्यांच्या घरी जाऊ नका. भले तुम्ही हात जोडायला जाल, साक्षीदारावर दबाव आणला अशी नोंद व्हायला वेळ लागत नाही.

किल्ला_कोर्ट_वकील

वरचं सगळं बरोबर. एकच भर. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० वर फोन करा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. आणि अगदी उद्या दोषी ठरला, तरी पहिला गुन्हा म्हणून १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते. पण तो विचार शेवटचा. आत्ता फुटेज.

चुनाभट्टीची_ताई

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. बाबांनी पत्र फाडलं. शर्ट ब्राउन पेपरच्या पिशवीत, कपाटात वरच्या खणात.

दुपारी दोन्हीकडे अर्ज दिले. एकीकडे लगेच शिक्का मिळाला. दुसरीकडे म्हणाले ठेवून जा, शिक्का नाही. मी बाकावर बसून राहिले. चाळीस मिनिटांनी एका हवालदारकाकांनी घेतला अर्ज आणि सही-तारीख-वेळ टाकून दिली.

ओळखपत्राचं भावाला विचारलं. तो म्हणाला, हो, दाखवलं होतं, वाद सुरू झाल्यावर. जसं आहे तसंच वकिलांना सांगणार आहोत. सोमवारी अकराला जायचंय, आई म्हणते मी पण येणार.