मदत हवी आहे: आत्याआजीचं पदक खरंच 'व्हिक्टोरिया क्रॉस' आहे का? (स्मरणिका छापायला चालली आहे)

नगरकरीण

माझ्या वडिलांची आत्या दुसऱ्या महायुद्धात मिलिटरीत नर्स होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, ४२च्या उन्हाळ्यात भरती झाली आणि ४६च्या सुरुवातीला घरी आली. सगळा वेळ खडकीला होती, असं घरात सांगतात. लग्न केलं नाही. स्वतःबद्दल बोलायची सवयच नव्हती.

आता आमच्या मंडळीची (चर्चची) शताब्दी आहे. स्मरणिकेचं काम चुलतभावाकडे आहे आणि त्याने आत्याआजीच्या फोटोखाली 'व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्या' असं टाकलंय. घरात लहानपणापासून हेच ऐकलंय खरं, पण छापायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. पाळकसाहेबांनी प्रुफं शुक्रवारपर्यंत मागितली आहेत.

तिच्या बिस्किटांच्या डब्यात हे निघालं:

१. सहा टोकांची पितळेसारखी चांदणी. मध्ये मुकुट आणि भोवती गोल अक्षरं. आई दर नाताळला चिंच लावून घासायची, त्यामुळे अक्षरं पार गुळगुळीत झालीत. शेवटचा शब्द 'स्टार' एवढंच लागतं. रिबन गडद निळी, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. मागची बाजू कोरी.
२. गोल, रुपेरी पदक. एक सिंह दोन तोंडांच्या अजगरासारख्या प्राण्यावर उभा आहे.
३. आणखी एक गोल पदक, त्यावर भारताचा नकाशा, तोही फाळणीआधीचा.
४. एक सुटी रिबन: गडद निळा, लाल, फिकट निळा, तीन सारखे पट्टे. तिचं पदक डब्यात नाही.

एका सरकारी कचेरीत पत्र टाकलं होतं. चार महिन्यांनी उत्तर आलं, "सेवा क्रमांक कळवावा." तो माहीत असता तर पत्र कशाला लिहिलं असतं!

आणखी एक, कामाचं आहे की नाही ठाऊक नाही. आजी सांगायची की आत्याआजी परतली ती हळद लागल्यासारखी पिवळी होऊन. कावीळ म्हणून घरच्यांनी महिनाभर उसाचा रस पाजला. ती नुसती हसायची म्हणे.

उंटावरचा

भावाचा हात धरा आधी. व्हिक्टोरिया क्रॉस आजवर एकाही स्त्रीला मिळालेला नाही. तो चांदणीसारखा नसतोच. चार पाखांचा काळपट क्रॉस, वर सिंह आणि रिबन किरमिजी.

एक गंमत मात्र आहे. १८६९ साली पेशावरकडे बंगाल फ्यूजिलियर्सच्या पलटणीत कॉलरा पसरला. तेव्हा कर्नलच्या बायकोने, एलिझाबेथ वेबर हॅरिसने, शिपायांची शुश्रूषा केली. अधिकाऱ्यांनी राणीची परवानगी काढून तिला व्हिक्टोरिया क्रॉसची सोन्यात घडवलेली प्रतिकृती दिली. प्रतिकृतीच, खरा नव्हे. बाईमाणसाची बोळवण सोन्यावर!

पांढरी टोपी

माझी आई मिलिटरी नर्सिंगमध्ये होती (७१चं युद्ध), त्यामुळे हा विषय घरचा. नर्सेसचा खरा मान म्हणजे 'रॉयल रेड क्रॉस'. व्हिक्टोरिया राणीने तो १८८३ साली सुरू केला, पहिल्या मानकरी फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १९१५मध्ये त्याला दुसरा वर्ग जोडला, असोशिएट. तोही क्रॉसच असतो. रिबन गडद निळी, कडा किरमिजी, आणि बायका ती बो बांधून लावत. तुमच्या डब्यातलं काहीच त्याच्याशी जुळत नाही. तरी लंडन गॅझेटचे (ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचे) जुने अंक नेटवर फुकट पाहता येतात, तिथे आत्याआजींचं नाव शोधून घ्या. हा मान मिळाला असेल तर तिथे छापून आलेला असणार. शोधताना स्पेलिंग चार तऱ्हेने टाका. साहेब लोक आपल्या आडनावांची काय वाट लावत ते माहीत आहेच.

दुर्बीण

क्रमांक १ वर मी पैज लावायला तयार आहे. निळ्यात लाल आणि नारिंगी, म्हणजे 'बर्मा स्टार'. हे शौर्यपदक नव्हे, मोहिमेचं पदक आहे. त्या आघाडीवर जो कोणी गेला त्याला मिळालं, जनरलपासून स्वयंपाक्यापर्यंत. त्यामुळे 'विजेत्या' हा शब्द काढाच.

मागची बाजू कोरी आहे म्हणून घाबरू नका. ब्रिटनने आपल्या लोकांना हे स्टार नाव न घालताच दिले. भारतीय जवानांच्या स्टारवर बहुधा नाव ठोकलेलं असतं, पण नाव नाही म्हणजे खोटं, असं नाही.

क्रमांक २ म्हणजे 'वॉर मेडल १९३९-४५', ते ढिगाने दिलं गेलं. क्रमांक ३ 'इंडिया सर्व्हिस मेडल', त्याला भारतात तीन वर्षांची नोकरी लागायची. तुमच्या सालांशी जुळतंय.

पण मुद्दा वेगळाच आहे. बर्मा स्टार खडकीला बसून मिळत नसे. त्यासाठी बर्मात, नाहीतर ठरावीक तारखांना बंगाल-आसामच्या युद्धक्षेत्रात हजर असावं लागे. तुमच्या घरच्यांनी तिला पदक मोठं दिलं आणि मुक्काम मात्र सुरक्षित!

पांढरी टोपी

@दुर्बीण, अगदी! आणि तो पिवळेपणा? मलेरिया होऊ नये म्हणून तिकडे मेपाक्रिनची गोळी रोज खावी लागे. तिने कातडी पिवळी पडते. १९४३मध्ये बर्मा आघाडीवर एका जखमीमागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती, हा खुद्द तिथल्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांचा हिशेब. पुढे गोळ्या घेतात की नाही हे तपासायला अचानक सगळ्यांची तपासणी होई आणि पलटणीत कुचराई दिसली की कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. म्हणजे नर्सेसच्या वॉर्डात गोळी लागलेले कमी आणि थंडीतापाने फणफणलेलेच जास्त. नुसत्या पिवळेपणावर शिक्का मारू नका, पण स्टारच्या जोडीला ठेवा. तो उसाचा रस वाया गेला हो!

पत्र लिहायचंच तर दिल्लीला सैन्य मुख्यालयात मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अतिरिक्त महासंचालनालयाला लिहा. भरतीचं साल, वडिलांचं नाव, नर्सिंग कुठे शिकली, सगळं एकाच पत्रात घाला.

खारीबटर

धागा एकदम भारी. मी आपला वाचतोय.

नगरकरीण

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री लाइट बंद करून चांदणी टेबलावर ठेवली आणि मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला. सरळ बघताना काहीच दिसत नव्हतं. तिरक्या उजेडात आधी 'बी'चं पोट दिसलं, मग मध्ये 'आर' आणि शेवटी 'ए'. बर्मा. आई शेजारी बसून पुटपुटत होती, "मी उगाच घासलं गं."

भाऊ थोडा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, मथळा लहान कर आणि मजकूर वाढव. आता 'बर्मा आघाडीवरील लष्करी परिचारिका' असं चाललंय. गॅझेटमध्ये तीन स्पेलिंगं टाकून पाहिली, नाव नाही.

आता क्रमांक ४ची सुटी रिबन. तिचं काय?

दुर्बीण

गडद निळा नौदलाचा, लाल भूदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. ती '१९३९-४५ स्टार'ची रिबन आहे. आघाडीवर सहा महिने काढले की तो मिळायचा. आकार अगदी बर्मा स्टारसारखा, सहा टोकांचा, फक्त मधली अक्षरं वेगळी. म्हणजे तुमच्याकडे दोन चांदण्या असायला हव्यात. लावताना ती पहिली, मग बर्मा, मग वॉर मेडल आणि शेवटी नकाशावालं. घरात विचारून बघा, कोणीतरी रिबन काढून चांदणी वेगळी ठेवलेली दिसते.

नगरकरीण

सोलापूरच्या मावशीला आत्ता फोन केला. 'सहा टोकांची पितळी' एवढंच म्हणाले आणि ती ओरडलीच, "अगं, ती होय! नाताळात गव्हाणीवर टांगायचो ना आम्ही!" दोऱ्यासाठी कडी मोकळी हवी म्हणून रिबन तिनेच काढली होती. गव्हाणीचं खोकं माळ्यावर आहे. भाचा शिडी आणायला शेजारी गेलाय.